गच्चीवरचे दोन देश

परवा भंगारवाल्याने आमच्या कॉलेजच्या गच्चीवरून पत्र्याचे दोन ड्रम खाली आणले. आडवे कापलेले, बुडाला भोकं पाडलेले आणि आत वाळूसारखी माती. नवे प्राचार्य जिन्यापाशी उभे होते. त्यांनी विचारलं, "मॅडम, हे कशाचे हो?"

मी म्हटलं, "एक नायजर आहे आणि दुसरा नामिबिया."

ते हसले. त्यांना वाटलं मी विनोद केला. भंगारवाल्याने माती तिथेच फाटकाजवळ ओतली आणि रिकामे ड्रम हातगाडीवर टाकून तो निघून गेला. माझे डोळे उगाच भरून आले आणि त्याच वेळी, ज्यांचे ते ड्रम होते त्या सरांवरचा जुना रागही डोक्यात चढला. ह्या माणसाच्या बाबतीत माझं नेहमी असंच व्हायचं.

सर भूगोल शिकवायचे. मी वाणिज्य शाखेत. स्टाफरूममध्ये आमची टेबलं एकमेकांना लागून, त्यामुळे त्यांचे दोन्ही देश माझ्या डोक्यावर येऊन बसले होते. आफ्रिकेत वर एक नायजर आणि खाली एक नामिबिया. दोन्हीकडे वाळवंटच वाळवंट, आणि त्याच्या कडेला एक चिंचोळी पट्टी, जिथे माणसं वाळूत बाजरी पेरतात. पाऊस दोन्हीकडे दगा देतो. पण एकीकडे शेतातली ओल आधी उडते आणि दुसरीकडे ती जरा जास्त दिवस तग धरते. असं का, हा सरांचा प्रश्न. ह्या प्रश्नावर ते पीएचडी करत होते. मी कॉलेजात लागले तेव्हाही करत होते, आणि माझे केस पांढरे व्हायला लागले तेव्हाही करतच होते. त्यांचे एक मार्गदर्शक निवृत्त झाले, दुसरे वारले. कोणी विचारलं की सर म्हणायचे, "आणखी एक हंगाम पाहू द्या." लग्नाचंही त्यांनी असंच काहीतरी केलं असावं.

ह्या दोन देशांत ते कधी गेले नव्हते. पासपोर्टच नव्हता. आयुष्यातला सगळ्यात लांबचा प्रवास म्हणजे एकदा बल्लारशाला उतरायचं होतं, तेव्हा झोप लागली आणि जाग आली ती तेलंगणात. पण सकाळी आल्याआल्या संगणक सुरू करायचे आणि उपग्रहाचे नकाशे उघडून बसायचे. ओली माती निळी, सुकलेली तांबडी. मग मला बातमी. "मॅडम, नायजरात सुरुवात चांगली झाली." किंवा, "मॅडम, नामिबिया गेलं." कोणी गेलं असं ऐकलं की आपण चहाचा कप खाली ठेवतो ना, तसा मी पहिल्या पहिल्यांदा ठेवायची. नंतर सवय झाली. नामिबियात पाऊस पडतो तो आपल्या हिवाळ्यात. एखाद्या जानेवारीत, चंद्रपुरात लख्ख ऊन पडलेलं असताना, सर अख्ख्या स्टाफरूमला आलूबोंडे खाऊ घालायचे. का, तर तिकडे झड लागली. आमचे जुने प्राचार्य दोन आलूबोंडे उचलून म्हणायचे, "वा! नायजेरियात पाऊस झाला म्हणजे!" सर कळवळून म्हणायचे, "नायजेरिया नाही हो, नायजरही नाही, नामिबिया!" प्राचार्य म्हणायचे, "तेच ते."

पण नकाशाने त्यांचं समाधान होत नव्हतं. एकदा म्हणाले, "नकाशात पीक मरताना दिसत नाही, मॅडम. नुसता रंग बदलतो." म्हणून ते ड्रम आले. माती वैनगंगेच्या काठची, पोत्यात भरून एसटीने आणलेली. कंडक्टरशी त्यावरून भांडण झालं, कारण तो पोत्याचंही तिकीट मागत होता. गच्चीवर दोन ड्रम मांडले, दोन्हींत त्या त्या देशाच्या हंगामात बाजरी पेरली. नियम एकच. तिथे पाऊस पडला तर इथे पाणी, आणि तिथे पडला तेवढाच. तिथे नाही तर इथे नाही. औषधाच्या बाटलीच्या झाकणाने मोजून ते पाणी घालायचे. औष्णिक वीज केंद्राची काळी राख पानांवर बसायची, तीसुद्धा कोरड्या फडक्याने पुसायची. ओल्या फडक्याने पुसलं तर म्हणे ती लबाडी होईल.

एका श्रावणात आमच्याकडे असा पाऊस कोसळला की इरई नदीचं पाणी वस्तीत शिरलं. ड्रमवरची ताडपत्री वाऱ्याने उडाली. मी वर जाऊन पाहते तर हे महाशय नायजरवर छत्री धरून उभे. स्वतः नखशिखांत चिंब, दात वाजतायत आणि नायजर कोरडा ठणठणीत. खाली पोरं ओरडत होती, "वाळवंट सर, झिंदाबाद!" मी म्हटलं, "अहो सर, निमोनिया होईल, खाली चला." तर मला म्हणतात, "तिथे वीस दिवस झाले थेंब नाही मॅडम, मी इथे कसा भिजू देऊ?" मी माझी छत्री त्यांच्या डोक्यावर धरून तिथेच उभी राहिले.

आणि एकदा आमच्या शिपाईभाऊंनी एक उद्योग केला. फेब्रुवारीत नामिबियातली बाजरी माना टाकायला लागली होती. सर सुट्टीवर. शिपाईभाऊंनी तिला बादलीभर पाणी घातलं. सर आल्यावर त्यांनी माती चिमटीत घेतली आणि सगळं समजले. मी त्यांना एवढं चिडलेलं कधी पाहिलं नव्हतं. "ह्या बाजरीला तुम्ही पाजलंत. आता तिथल्या बाजरीला कोण पाजणार?"

शिपाईभाऊ खाली मान घालून म्हणाले, "झाड मरून राह्यला होता सर. मले पाह्यवला नाई."

"मलाही पाहवत नाही," सर म्हणाले. मग त्यांनी ड्रममधली सगळी बाजरी उपटून टाकली आणि वर्गावर गेले. त्या दिवशी मला त्यांचा खरोखर संताप आला. दूरच्या माणसांसाठी एवढा जीव तुटतो आणि समोरच्या माणसाला साधं बरं म्हणवत नाही!

ओल मोजायला त्यांच्याकडे एक काटा होता. एक टोकदार सळई आणि वर घड्याळासारखी तबकडी. सळई मातीत खुपसली की तबकडीवरची सुई फिरते. बनवणाऱ्याने त्यावर नुसते आकडे दिले होते. सरांनी आकड्यांवर स्वतःच्या हाताने कागदाची पट्टी चिकटवली होती. तांबडी, पिवळी, हिरवी. सुई तांबड्यात गेली की बाजरी मेली, हिरव्यात असली की मजेत. अर्थात हा सगळा हिशेब वाळूचा. कारण वाळू आणि चिकण माती ह्यांत फरक असतो, आणि तो फरक सर दुसऱ्या वर्षाच्या पोरांना दर साली शिकवायचे. माझ्या वर्गापर्यंत त्यांचा आवाज यायचा. "वाळू गरीब, पण दिलदार! असेल नसेल ते पाणी मुळांना देऊन टाकते. चिकण माती श्रीमंत, पण कंजूष! पाणी भरपूर असतं, पण मुठीत घट्ट धरून बसते. ज्या ओलीत वाळूतलं पीक पोटभर जेवतं, त्याच ओलीत चिकण मातीतलं पीक उपाशी मरतं!" पोरं हे घोकून परीक्षेत लिहायची. मी वाणिज्यवाली, पण मलाही ते पाठ झालं होतं.

आता त्यांच्या बहिणीविषयी सांगते.

मूल हे तालुक्याचं गाव ओलांडून गडचिरोलीच्या वाटेला लागलं की आत एक गाव आहे, तिथले सर. घर तलावावर मासे धरणाऱ्यांचं. आई-बाप लवकर गेले. मोठ्या बहिणीने त्यांना वाढवलं. तिला ते नुसतं बाई म्हणायचे, तिकडे थोरल्या बहिणीला तसंच म्हणतात. बाईचा नवराही लवकर गेला, लेकरू नव्हतं. डोक्यावर टोपली घेऊन ती मूलच्या बाजारात मासोळी विकायची आणि भावाला शिकवायची. भाऊ शिकला, चंद्रपुरात सर झाला, आणि मग त्याचं सगळं लक्ष आफ्रिकेत गेलं.

वर्षातून दोन-तीनदा बाई कॉलेजात यायची. पळसाच्या पानात बांधलेली मासोळी स्टाफरूमच्या टेबलावर ठेवायची. वासाने इंग्रजीच्या मॅडम पळून जायच्या. सर संगणकातून मान वर काढायचे आणि म्हणायचे, "आलीस का बाई? बस." पुन्हा मान आत. बाई बसायची. मग थोड्या वेळाने विचारायची, "काऊन रे, नायजरात पानी आला का?"

एवढं विचारलं की सरांची कळी खुलायची. तासभर बोलायचे. बाई हूं हूं करत ऐकायची. तिला ह्यातलं कितपत समजायचं कोण जाणे, पण दोन्ही देशांची नावं तिला पक्की ठाऊक होती. पुढच्या खेपेला पुन्हा विचारायची, "आन तुह्या त्या नामिबियात आता काय हाल हाये?" एकदा बसस्टँडवर मी तिला सोडायला गेले तेव्हा म्हटलं, "बाई, तुम्हाला ह्यात एवढा रस आहे?" ती हसली. म्हणाली, "मले काय करायचा हाये मॅडम त्या नामिबियाचा? पन दुसरा काई बोलतच नाई ना थ्यो. गुडघे दुखते म्हनलं त हूं म्हनते. हे इचारलं का मंग तोंड भरून बोलते."

आता जे सांगते ते झालं गेल्याच्या आदल्या साली.

सरांच्या गावाला एक जुना तलाव आहे, मालगुजारांच्या, म्हणजे जुन्या जमीनदारांच्या काळातला. खाली धानाच्या बांध्या, म्हणजे बांध घातलेली शेतं. तलावात मासोळी. पाणी सोडायच्या दाराला तिकडे तुडुम म्हणतात. तुडुमाशेजारी एक दगड रोवलेला आहे. पाणी दगडाच्या वर असेल तोवर ते धानाचं, दगडाखाली गेलं की मासोळीचं. मग तुडुम उघडायचं नाही. उघडायचंच असेल तर धानवाले आणि मासोळीवाले, दोघांनी हो म्हणायला हवं. गावात हे कोणी लिहून ठेवलेलं नाही, पण कोणी मोडतही नाही.

त्या साली सुरुवातीचा पाऊस बरा झाला. परे, म्हणजे धानाची रोपं, टाकले, रोवणी झाली, आणि धान गर्भात येताना आभाळ कोरडं पडलं. हस्त नक्षत्र वाकुल्या दाखवून गेलं. तलावाचं पाणी दगडाखाली उतरलं. धानवाले म्हणाले, एक पाणी द्या, नाहीतर लोंबी भरायची नाही. मासोळीवाले म्हणाले, एवढं सोडलं तर चिखल उरेल आणि वर्षभराची मासोळी त्यात तडफडून मरेल. आणि आठ दिवसांत पाऊस येणार असं मोबाइलवर दिसत होतं. प्रश्न एवढाच होता, की धान आठ दिवस थांबतो का. पानं दुपारी गुंडाळायची आणि संध्याकाळी पुन्हा उघडायची. कोणाचंच मन ठाम सांगेना. शेवटी दोन्हीकडचे म्हणाले, आपले सर हायेत ना! दुष्काळावर शिकून राह्यले इतक्या वर्षांपासून. थे सांगतीन तसं करू.

सर आनंदले, म्हणजे इतके आनंदले की मला त्यांची कीव आली. आयुष्यात पहिल्यांदा कोणीतरी त्यांना त्यांच्या विषयातलं काही विचारलं होतं. गाडी माझी, कारण सरांना सायकलही धड येत नाही. रस्ताभर मांडीवर काटा घेऊन बसले होते, लेकरू घेऊन बसावं तसे.

बांधावर अख्खं गाव जमलं होतं. धानवाल्यांच्या वतीने बोलणारे लहानूभाऊ हात जोडून पुढे आले. वयस्कर माणूस, गालात सुपारी-तंबाखूचा खर्रा. म्हणाले, "सर, तुमी म्हनान थे आमाले मंजूर. थांबते म्हना, आमी थांबतो." बाई मासोळीवाल्यांच्या घोळक्यात मागे उभी होती.

सर बांधीत उतरले. काळी चिकण माती, वर बारीक भेगा. त्यांनी सळई खुपसली. सुई फिरली आणि हिरव्यात जाऊन उभी राहिली. दुसऱ्या बांधीत हिरवी. तिसऱ्या बांधीत हिरवी. सरांचा चेहरा असा उजळला, अगदी आलूबोंडे वाटायच्या दिवशी उजळायचा तसा. तबकडी सगळ्यांना दाखवत म्हणाले, "अहो, किती ओल आहे! नायजरात एवढी ओल असती तर लोक नाचले असते!"

सगळे हसले. मीही हसले. तुडुम बंद राहिलं. परतताना बाईने गाडीच्या खिडकीतून हात घालून सरांच्या गालावरून फिरवला. त्यांनी खिडकीची काच वर केली, कारण धूळ येत होती.

पाऊस आठ दिवसांनी आला नाही, त्यानंतर आला. पण धान आठ दिवसांच्या आतच गेला होता, पावसाचा काही उपयोग नव्हता. दिवाळीच्या सुट्टीआधी गावातून फोन आला. लोंब्या पांढऱ्या निघाल्या. भरलेली लोंबी मान खाली घालते. ह्या ताठ उभ्या होत्या, आत दाणाच नव्हता. अख्ख्या खारीत, म्हणजे तलावाखालच्या सगळ्या बांध्यांत, हेच. गुरांपुढे टाकायचं तेवढं तणीस मिळालं.

सर फोन ठेवून गच्चीवर गेले. बराच वेळ खाली आले नाहीत म्हणून मी वर गेले. दोन ड्रमांच्या मध्ये जमिनीवर बसले होते. एका हातात काटा, दुसऱ्या हातात तबकडीवरून सोलून काढलेली ती पट्टी.

"वाळूची पट्टी," ते म्हणाले. "चिकण मातीत वाळूची पट्टी लावून पाहिलं मी."

मला क्षणभर काही कळलं नाही. आणि मग एकदम सगळंच कळलं. गरीब पण दिलदार, श्रीमंत पण कंजूष! दर साली घसा फोडून शिकवलेला धडा! मी अक्षरशः ओरडले, "अहो सर, पण हे तर तुम्हाला झोपेतून उठवून विचारलं तरी येतं!"

"येतं ना," ते म्हणाले. "पण हिरवं दिसलं आणि मला इतका आनंद झाला मॅडम. इतक्या वर्षांत एवढं हिरवं कधी दिसलंच नव्हतं."

मी त्यांच्याशेजारी त्या तापलेल्या गच्चीवर बसून राहिले.

दुसऱ्या दिवशी म्हणाले, "गावात जायचंय. चूक झाली हे सांगायला हवं." मी म्हटलं, कशाला जाता, लोक चिडलेत, चार महिने जाऊ द्या. तर म्हणाले, "नाही सांगितलं तर पुढच्या साली पुन्हा मलाच विचारतील." ह्या माणसाला आपलं काय चुकतं ते लवकर कळायचं नाही, पण एकदा कळलं की मग थांबायचा नाही. मी गाडी काढली.

त्याच बांधावर बैठक भरली. पण ह्या वेळी कोणी पुढे येऊन हात जोडले नाहीत. सरांनी पट्टी दाखवली, काटा दाखवला, मूठभर वाळू आणि मूठभर काळी माती दाखवली. वर्गात शिकवायचे तसंच सगळं नीट समजावलं आणि शेवटी म्हणाले, "माझी चूक झाली. मला समजलं नाही."

लहानूभाऊंनी खर्रा थुंकला. सावकाश म्हणाले, "सर, दोन-दोन देशाची माती तुमाले घरबसल्या समजते. आन ज्या मातीत लहानाचे मोठे झाले थे नाई समजली? आमाले का इतका येडा समजून राह्यले?"

"खरंच नाही समजली, भाऊ."

"काऊन खोटं बोलता? बहिनीची मासोळी वाचवली म्हना ना सरळ! आमी मानू. बहीन सगळ्याईले असते. आमीबी माफ करून टाकू. पन हे असं पोराईले सांगतेत तसं नका सांगू."

सर पुन्हा पट्टी दाखवायला लागले. एकजण म्हणाला, "नायजरवाले नाचले का सर?" कोणी हसलं नाही. माणसं एकेक करून उठली, धोतरं आणि पँटी झटकल्या आणि गेली. सरांना कोणी बोट लावलं नाही की शिवी दिली नाही. मला वाटतं, दिली असती तर त्यांना बरं वाटलं असतं. सगळी हयात ते ज्ञानी म्हणून जगले, आणि आता एकदा आपल्याला येत नव्हतं असं म्हणाले, तर त्यावर विश्वास ठेवणारं अख्ख्या गावात कोणी नव्हतं.

त्यानंतर सरांनी मुदतीआधी निवृत्ती घेतली. आता भद्रावतीला दोन खोल्यांत राहतात. पीएचडीचे कागद विद्यापीठात दिलेच नाहीत. संगणक कॉलेजला परत केला. मी भेटायला जाते तेव्हा चहा करतात, दूध नासलेलं असतं. काय वाचता म्हटलं की म्हणतात, काही नाही. दर महिन्याला न चुकता गावी जातात, बाईसाठी औषधं घेऊन. पूर्वी वर्ष-वर्ष जायचे नाहीत. बाई जेवायला वाढते. गुडघ्याचं सांगते, पावसाचं सांगते, मांजरीच्या पिल्लांचं सांगते. नायजरचं नाव काढत नाही.

ते का, हे मला माहीत आहे, कारण बैठकीनंतर मी सरांना बाईच्या घरी घेऊन गेले होते.

बाईने चुलीवर मासोळीचा रस्सा केला होता. घरात मासोळी भरपूर होती, कारण गावात तिच्याकडून कोणी घेत नव्हतं. तलावाची मासोळी वाचली खरी, पण बाकीच्या मासोळीवाल्यांच्या दारात गिऱ्हाईक होतं आणि हिच्या दारात नव्हतं. बोरिंगवर ती गेली की बाया आपापले गुंड, म्हणजे पाण्याच्या घागरी, उचलून बाजूला व्हायच्या. हे मला शेजारणीने कुडाच्या आडून हळूच सांगितलं होतं. मला वाटलं होतं बाई खचलेली असेल. तर ही तुरुतुरु चालत होती, गाणं गुणगुणत होती आणि केसांना तेल लावून अंबाडा घातला होता. मी तिला एवढी खुशीत कधीच पाहिली नव्हती.

सरांपुढे ताट ठेवून म्हणाली, "खा. अन् तोंड काऊन पाडून बसलास? लोक बोलते त बोलू दे. बोलून बोलून थकतीन. मी टोपली घेऊन मूलले जातो, तिथी कोन इचारते मले?"

सर ताटातला भात चिवडत राहिले.

"भावानं बहिनीसाठी नाई करन त कोनासाठी करन?" बाईने त्यांच्या भातावर रस्सा घातला. "मी त त्याईच्या तोंडावर सांगतो, हो, केला माह्या भावानं माह्यासाठी! तुमचे भाऊ करते का?"

मी सरांकडे पाहिलं. मी त्यांना डोळ्यांनी सांगत होते, आता गप्प बसा. देवाशपथ, आयुष्यात एकदा तरी खोटं बोला. नाही बोलवत तर निदान जेवा नुसते. पण ज्या माणसाने नामिबियाच्या झाडाला घोटभर खोटं पाणी घालू दिलं नाही, तो इथे काय ऐकणार होता?

"नाई बाई," सर म्हणाले. "मी तुह्यासाठी नाई केलो. मले समजलाच नाई. तुह्या मासोळीचा ध्यानातच नव्हता माह्या."

बाईचा हात थांबला. पळीतून रस्सा थेंब थेंब ताटात पडत होता.

"माह्या मासोळीचा ध्यानातच नव्हता?"

"नाई."

"मी तिथीच उभी होतो. तुह्या मांगं."

"मले दिसलीच नाई बाई. मी सुईकडे पाहून राह्यलो होतो."

बाईने पळी भांड्यात ठेवली. पदराने हात पुसले, पुसलेलेच पुन्हा पुसले. तिने माझ्याकडे पाहिलं आणि मला मान खाली घालावी लागली.

"मले वाटला," ती म्हणाली, "एक डाव तरी तू माह्याकडं पाह्यलास."

सर ताटावर हात धरून बसले होते. बाई उठली, चुलीतलं लाकूड बाहेर ओढून त्यावर पाणी मारलं आणि म्हणाली, "जेव. थंड होते."